लागतंय का, सांगा

रक्त कुणाचं, हे आधी कुणालाच कळलं नाही. हिरव्या काचेवरून ते नवरीच्या मनगटाकडं ओघळलं आणि पाटाभोवती बसलेल्या बायकांच्या तोंडून एकदमच ‘अगं बाई’ निघालं. नवरीची आत्या पुढं झाली. तिनं पदरानं पोरीचा हात पुसला, उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, आणि मग प्रेमाबाईकडं बघत म्हणाली, “मावशी, पोरीला काय बी झालं न्हाय. तुमचंच बोट कापलंय.” प्रेमाबाईनं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. अंगठ्याच्या पेरावर चांगली खोल चीर पडली होती आणि तिच्यात काचेची एक हिरवी कपची उभी होती. तिनं ती डाव्या हातानं उपटून काढली. लागलं नाही. लागलं नाही याचं तिला आधी नवल वाटलं. भीती त्याच्या मागून आली. “पिचली गं एक,” असं ती घाईघाईनं म्हणाली, कारण चुड्याच्या वेळी बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं, आणि अंगठा पदरात गुंडाळून ती भिंतीला टेकून बसली. उरलेला चुडा तिच्या सुनेनं, अर्पितानं भरला. बायकांनी कुजबुजत का होईना, हळदीकुंकू लावलं, नवरीनं वाकून नमस्कार केला. मात्र तो केला अर्पिताला, मग चूक लक्षात येऊन प्रेमाबाईला. धाराशिवात चाळीसेक वर्षं बांगड्या भरणाऱ्या प्रेमाबाई कासारणीला दुसऱ्या नंबरचा नमस्कार पहिल्यांदाच मिळाला होता.

रिक्षात अर्पितानं विचारलं तेव्हा ती पटकन बोलून गेली, “दुखतोय गं हात. दुखण्यानं सुटली बांगडी.” हे साफ खोटं होतं. हात दुखत असता तर ती नाचली असती. दुखण्याचं कसं, ते चारचौघांत सांगता येतं. दुखतंय म्हटलं की शेजारीण तेल सुचवते, सून चहा करून आणते, नवरा रात्री आपलं आपण पाणी घेतो. पण काहीच होत नाही, बोटाला काही कळतच नाही, हे कुणाला सांगायचं? गेल्या दिवाळीपासून उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं तिच्यातून हळूच उठून गेली होती. आधी सकाळी झिणझिण्या यायच्या, मग त्याही येईनाशा झाल्या. घरात कुणी नसलं की ती त्या बोटांना निरनिराळं काहीबाही लावून बघायची. ज्वारीच्या पिठात खुपसायची, गार पितळेला टेकवायची, चिमटा काढायची. पीठ दिसायचं, कळायचं नाही. एकदा ते बोट तिनं स्वतःच्या गालाला लावलं. गालाला बोट कळलं, बोटाला गाल कळला नाही. ती तशीच बराच वेळ बसून राहिली आणि तिला वाटलं, आपल्याला कुणीतरी परकं माणूस हात लावतंय. घाबरायचं सोडून तिनं पुन्हा पुन्हा ते करून पाहिलं, गालावर, कपाळावर, ओठावर. लहान पोराला नवीन खेळणं मिळावं तसं तिचं चाललं होतं. मग दारात अर्पिताची चाहूल लागली आणि तिनं गाल खाजवल्यासारखं केलं.

भीती कसली होती ते तिला नीट माहीत होतं. तिचं माहेर भूम तालुक्यातलं. तिथल्या शाळेत पोरांच्या अंगावरचे चट्टे तपासायला सायकलवरून एक माणूस यायचा, पांढरा शर्ट, खिशात पेन आणि पेनाशेजारी एक पीस. पोरांना ओळीनं बसवून तो म्हणायचा, डोळे मिटा, पीस लागलं की तिथं बोट ठेवा. प्रेमाला त्या पिसाच्या गुदगुल्या इतक्या आवडायच्या की तिनं दोनदा रांग लावली होती. तिच्या पुढं मथुरा बसायची. मथुराच्या दंडावर एक फिकट चट्टा होता. मथुरा डोळे मिटून बसली आणि म्हणत राहिली, लागलं, लागलं, आता बी लागलं. प्रेमाचे डोळे उघडे होते. त्या माणसानं पीस कधीच खिशात ठेवलं होतं, तो नुसता मथुराकडं बघत उभा होता, आणि ती म्हणत होती, लागलं. मथुराला पुढं गोळ्या सुरू झाल्या, ती बरीही झाली, पुढं तिचं लग्न झालं, लेकरं झाली. पण त्या वर्षी नागपंचमीला तिच्याबरोबर फुगडी घालायला कुणी हात दिला नाही. ती झाडाखाली बसून दुसऱ्यांच्या फुगड्या मोजत होती. प्रेमाबाईला आता गोळ्या आठवत नव्हत्या, चट्टा आठवत नव्हता, ते झाड आठवत होतं. कासारणीचा सगळा धंदा म्हणजे बायकांनी विश्वासानं दिलेला हात. तो द्यायचं त्यांनी थांबवलं तर दुकानात मांडलेल्या काचेचं काय करायचं? प्लास्टिकच्या आणि धातूच्या बांगड्या अर्पिता विकतेच, त्या आपल्या हातानं घालून बाया निघून जातात. त्याला कासारीण लागत नाही.

“दुखतोय” म्हटल्यानं एकच झालं, अर्पितानं तिला फिजिओथेरपीत नेऊन बसवलं. औषधाच्या दुकानावरचा पहिला मजला, दोन कॉट, मधे निळा पडदा, भिंतीवर माणसाच्या पाठीचा कणा टांगलेला. डॉक्टर दीपमाला भूमचीच निघाली, त्यामुळं मावशी-भाची हे नातं पहिल्या दहा मिनिटांतच ठरून गेलं. पोरगी हुशार, हात ऊबदार, मनगटं मोकळी. प्रेमाबाईची नजर आधी मनगटावरच जाते, त्याला ती तरी काय करणार. पहिल्याच दिवशी दीपमालानं कापूस आणि टाचणी काढली आणि म्हणाली, “मावशी, डोळे मिटा. टोचलं तर टोचलं म्हणा, मऊ लागलं तर मऊ म्हणा.”  प्रेमाबाईनं डोळे मिटले, पण पापण्यांची एक फट राहू दिली, आणि त्या फटीतून बघत टोचलं, मऊ, मऊ, टोचलं असं बिनचूक सांगितलं. शाळेत कधी इतके मार्क पडले नव्हते. दीपमाला समाधानानं हसली, त्या हसण्याचं प्रेमाबाईला फार वाईट वाटलं. मग एक छोटी पेटी आली, दोन बटणं फिरवायची, एक तांबडा दिवा, दोन वायरी, वायरींच्या टोकाला काळ्या रबरी चकत्या. चकतीला गार चिकट मलम लावून एक दंडाकडं आणि एक अंगठ्याच्या गादीवर, वरून पट्टा. “घाबरू नका, घरातल्या लायटीसारखा करंट नाही हा. एकदम बारीक असतो. मुंग्या आल्यासारखं वाटलं की सांगा, तिथंच थांबवते. जोरात लागलं तरी सांगा.” प्रेमाबाईनं विचारलं, “मुंग्या आल्या की दुखणं कसं जातं?” दीपमालाला असे प्रश्न आवडत असावेत. ती स्टुलावर बसलीच. म्हणाली, “दुखणं हातातून डोक्याकडं जातं ना, त्याच्या वाटेत एक दरवाजा आहे असं समजा. आपण त्या दरवाजात मुंग्यांची गर्दी करायची. गर्दी झाली की दुखणं मागं अडकतं.” प्रेमाबाईला लगेच एसटी स्टँडावर सणाच्या दिवशी लातूर गाडी लागल्यावर होतं ते दिसलं. पण मग तिच्या मनात आलं, दरवाजा उघडा आहे, कंडक्टर वाट बघतोय, आणि फलाटावर कुणीच नाही, असं असलं तर? हे तिनं विचारलं नाही. दंडाला मुंग्या आल्या होत्या, खऱ्या. अंगठ्याकडं शुकशुकाट होता. “लागतंय का मावशी, दोन्हीकडं?” दीपमालानं विचारलं, आणि ती म्हणाली, “व्हय, चांगलं लागतंय.”

तेव्हापासून ती दर दोन-तीन दिवसांनी जात होती आणि चांगलं लागतंय म्हणत होती. तिला जायला आवडायचंही, हे कबूल करायला हवं. कॉटवर पडलं की वर पंखा, बाजूला पेटीची बारीक गुणगुण, आणि आपल्याच दंडात चालणारं ते काहीतरी. ते दुखणं नव्हतं, गुदगुल्याही नव्हत्या. एकदा तिनं ठरवलं की ह्याला नाव द्यायचं. हिवाळ्यात सोलाण्याच्या, ओल्या हरभऱ्याच्या ढिगात हात घातल्यावर अळ्या वळवळतात तसं? नाही. रडून झाल्यावर हनुवटी थरथरते तसं? थोडं तसं. ती डोळे मिटून त्या थरथरीच्या मागं मागं जायची, दंडावरून कोपरापर्यंत, कोपरावरून खाली, आणि मनगटाशी आली की वाट संपायची. पुढं आपलाच हात होता, पण दुसऱ्याच कुणाच्या तरी मालकीचा. दर वेळी ती त्या हद्दीपर्यंत जाऊन उभी राहायची. आज हद्द एक बोटभर पुढं सरकली का, हे बघायची. कधी वाटायचं सरकली, कधी वाटायचं आपणच मनानं सरकवली.

पडद्यापलीकडच्या कॉटवर नळदुर्गकडचे, कानडी वळणाचे माणिकप्पा असायचे. गुळाचा आणि कडब्याचा व्यापार, दोन्ही गुडघे गेलेले, आवाज मात्र शाबूत. त्यांना घेऊन त्यांची सून श्रीदेवी यायची आणि बाहेरच्या बाकावर बसायची. माणिकप्पांचं म्हणणं एकच, वाढीव. “वाढीव गं अव्वा, अजून वाढीव. एवढ्यानं काय होतंय? पैसा देतोय तर करंट तरी पुरा दे.” दीपमाला सांगून दमली होती की जास्त करंट म्हणजे जास्त गुण असं नसतं, सोसेल तितकंच. पण सोसेल तितकंच हा शब्द माणिकप्पांना आव्हानासारखा वाटायचा. त्यांनी आयुष्यभर कशालाच सोसत नाही म्हटलं नव्हतं आणि आता एका पेटीपुढं म्हणायची त्यांची तयारी नव्हती. आजही तेच चाललं होतं. आणि आज श्रीदेवी आत डोकावून म्हणाली होती, “मावशी, मामांचं झालं की तुमच्या दुकानात येते. धाकट्या दिराचं लगीन हाय, हिरव्या भरायच्यात. तुमच्याच हातानं.” प्रेमाबाई “ये की गं” म्हणाली खरी. साऱ्या गिऱ्हाइकांत ती श्रीदेवीच्याच हाताला भ्यायची. शेतात राबणारा रुंद हात, अंगठ्याच्या बुडाचं हाड टणक, आणि बाईला बांगडी मात्र मापापेक्षा बारीकच हवी, मनगटावर नाचणारी नको. असला हात भरायचा म्हणजे डाव्या हातानं तो आवळून, मिटवून धरायचा आणि उजव्या अंगठ्यानं काच हाडावरून केसागणिक पुढं न्यायची. काच कधी पिचणार ते अंगठ्याला आधी कळतं. प्रेमाबाईच्या अंगठ्याला आता ते कळणार नव्हतं. अर्पिताच्या हातानं श्रीदेवी भरणार नाही. नाही म्हणावं तर का, ते सांगावं लागेल. भरावं तर त्या नवरीसारखं होईल, आणि या वेळी रक्त कदाचित प्रेमाबाईचं नसेल.

पेटीची गुणगुण सुरू झाली, दंड थरथरू लागला, तिनं डोळे मिटले. सासूची, तुळजाबाईंची आठवण झाली. लग्न होऊन आली तेव्हा तुळजाबाईंनी तिला महिनाभर काचेला हात लावू दिला नव्हता. नुसते हात धरायला लावायच्या. आलेल्या बाईचा हात धर, डोळे मीट, सांग. ही शिकवणारी, खडूनं बोटं कोरडी पडलीत. ही नुकतीच बाळंत झालेली, हात सुजलाय. हिला नवरा मारतो, हात धरला की अंग चोरते. “बाई तोंडानं काय बी म्हणू दे,” तुळजाबाई सांगायच्या, “आपुन दुखतंय का इचारायचं, ती न्हायच म्हणणार. बांगड्या भरताना दुखतंय म्हणायचं नसतं, शुभ नसतं. पर हात खोटं बोलत न्हाय. हाताचं ऐकायचं.” प्रेमाबाईनं सगळं आयुष्य हाताचं ऐकलं होतं. आपण कुणाला दुखवत नाही, आपल्याला कळतं, याचा तिला अभिमान होता, आणि तो तिनं कधी लपवला नाही. इतर कासारणींकडं पोरी डोळ्यात पाणी आणतात, आपल्याकडं हसत उठतात. आता तोच हात गेला होता. आणि गंमत म्हणजे इथं पडल्या पडल्या ती स्वतःच गिऱ्हाईक झाली होती. एक पोरगी विचारत होती लागतंय का, आणि ती न लागता लागतंय म्हणत होती. तिच्याकडं येणाऱ्या बाया दुखत असताना नाही म्हणायच्या. दोन्हींत शिष्टाचार एकच असावा, असं तिला वाटलं, आणि हसूच आलं. विचारणाऱ्याला बरं वाटावं म्हणून आपण असलं किती बोलतो.

हे असं मनात चाललेलं असताना दंडातली थरथर कधी थांबली तिच्या लक्षात आलं नाही. कदाचित थांबली तेव्हा ती तुळजाबाईंजवळ होती. पंखा फिरतच होता. दीपमाला येऊन उभी राहिली असावी, साबणाचा वास आला. “मावशी, बरं लागतंय ना? वाढवू थोडं?” डोळे न उघडता प्रेमाबाई म्हणाली, “नगं, नगं. झकास लागतंय. अंगठ्याला तर लईच चांगलं.” आणि त्याच वेळी पडद्यापलीकडून माणिकप्पांचा आवाज आला, “ए डॉक्टरबाई! बंद पडलं काय हे? काईच होईना. लाईट गेली वाटतं!”  प्रेमाबाईनं डोळे उघडले. पंखा फिरत होता, तो इन्व्हर्टरवर होता. पेटी इन्व्हर्टरवर नव्हती. पेटीवरचा तांबडा दिवा विझलेला होता. दीपमाला त्या दिव्याकडं बघत होती, मग तिनं प्रेमाबाईकडं बघितलं. रागानं नाही. पांढऱ्या शर्टातला तो माणूस मथुराकडं जसा बघत होता, तसंच. आणि इतक्या वर्षांनी प्रेमाबाईला कळलं की त्या बघण्यात कसलाच आरोप नव्हता, त्याला नुसतं जाणून घ्यायचं होतं.

“लागत न्हाय,” ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. “कवाच लागत नव्हतं. दंडाला लागायचं. अंगठ्याला पैल्या दिवसापासून न्हाय. ती टाचणी बी म्या बघून सांगितली.” दीपमालानं स्टूल ओढलं. “आणि दुखणं?” “दुखत बी न्हाय. दुखावं म्हणून वाट बघते.” पडद्याआड खोकल्याचा आवाज झाला. मग माणिकप्पा खालच्या पट्टीत म्हणाले, “आता खरं बोलायचंच चाललंय तर आमचं बी ऐका. त्या करंटानं लई चावतंय मला. रात्रभर गुडघा ठणकतोय. लाईट आली की जरा कमीच ठेव, अव्वा.” दीपमालाला हसू फुटलं, प्रेमाबाईलाही फुटलं, आणि हसताहसताच तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पोरीनं पट्टा सोडला, चकत्या काढल्या, मलम पुसलं. अंगठ्याच्या गादीवर चकतीचा लालसर गोल उमटला होता. तो बघून मात्र दीपमाला खरंच रागावली. “मावशी, मी वाढवत गेले असते तर कातडी भाजली असती तुमची. तुम्हाला कळलंही नसतं, आणि मला कोण सांगणार होतं? तुम्हीच ना?” मग राग आवरून तिनं विचारलं, “कसं वाटतं ते सांगा. हातमोजा घातल्यासारखं?” प्रेमाबाईनं विचार केला. इतके महिने ती मनात हेच शब्द शोधत होती आणि आता कुणीतरी मागत होतं. “झोपलेल्या लेकराचा हात हातात घेतल्यावानी,” ती म्हणाली. “हात हाय, ऊब हाय, पर तो आपल्याला धरत न्हाय.” आणि मग, एवढं बोललोच आहोत तर, म्हणून तिनं ते विचारलं. “महारोग तर न्हाय ना गं, बाळा?”

बाहेरच्या बाकाचा आवाज झाला. श्रीदेवी उठली असावी किंवा बसली असावी. दीपमाला हसली नाही, असं काही नसतं असंही म्हणाली नाही. तिनं प्रेमाबाईच्या बाह्या वर केल्या, उजेडात दोन्ही हात बघितले, पाठ बघितली, कोपराच्या आतल्या बाजूची नस बोटानं चाचपली, दुसऱ्या हाताची चाचपली. मग मनगटावर बोटानं टकटक केलं, दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना लावून मनगटं वाकवायला सांगितली आणि तशीच धरून ठेवायला लावली. थोड्या वेळानं मनगटापासून वर काहीतरी सणकन गेलं आणि प्रेमाबाई “आई गं” म्हणाली. “हे खरं ना?” दीपमालानं विचारलं. “हे खरं,” प्रेमाबाई म्हणाली. दुखल्याचा इतका आनंद तिला कधी झाला नव्हता. “चट्टा कुठं नाही, नसा जाड नाहीत. मला ते वाटत नाही. मनगटातून एक नस अरुंद जागेतून येते, ती दबलीय, असं वाटतंय. अंगठ्यानं दाबायचं काम इतकी वर्षं केलंय ना तुम्ही. पण माझ्या वाटण्यावर थांबायचं नाही. सोलापूरला नसांची तपासणी करायची, साखर बघायची, आणि हो, ते दुसरंही तिथं विचारायचं, सरळ. असलंच तरी आता गोळ्यांनी जातं.” “आन् हात येईल परत?” “नस किती दबलीय त्यावर आहे. कदाचित छोटं ऑपरेशन लागेल. उशीर केलाय तुम्ही. येईलच असं मी म्हणणार नाही.” प्रेमाबाईला ती पोरगी त्या क्षणी फार आवडली. येईलच म्हणाली असती तर कदाचित कमी आवडली असती.

दुकानात ती एकटीच चालत आली. वाटेत तिनं ठरवलं होतं की श्रीदेवी येणार नाही, आणि न येण्याबद्दल तिला काही म्हणायचं नाही. अर्पिता गल्ल्याशी होती. तिला सगळं सांगायचं होतं, पण सांगायला सुरुवात करणार इतक्यात श्रीदेवी चपला काढून वर आली. सासऱ्याला तिनं कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर बसवलं होतं. ती गादीवर मांडी घालून बसली आणि तिनं हात पुढं केला. नेहमीसारखाच, बोटं जुळवून, तळवा खाली. प्रेमाबाईनं त्या हाताकडं बघितलं, पण धरला नाही. “तू तिथं ऐकलंस ना?” “ऐकलं की.” “समदं?” “समदंच. पडद्याला काय भिंत हाय?” “मग?” श्रीदेवीनं खांदे उडवले. “डॉक्टरीण न्हाय म्हणली की तुमाला त्ये. आन् असतं तर गोळ्या हायत म्हणली. भरा आता, मामा तिकडं भज्यावर भजी मागवत असतील.” अर्पिता गल्ल्यावरून उठून जवळ येऊन उभी राहिली होती. काय चाललंय ते तिला कळत नव्हतं. प्रेमाबाईला हिरव्या बांगड्या धड दिसेनात. तिनं डोळे पुसले, एक बांगडी उचलली. “ह्या तीन बोटांला कळत न्हाय, श्रीदेवी. तुझं दुखणं मला आता कळायचं न्हाय. म्हणून तूच सांगायचं. दुखलं तर दुखलं म्हण. शुभ-बिभ काय न्हाय. शपथ हाय तुला.”

डाव्या हातानं तिनं श्रीदेवीचा हात धरला, आवळला, अंगठा आत मिटवला, आणि उजव्या हातानं बांगडी चढवली. बोटांवरून ती सहज गेली. हाडाशी आली, थांबली. प्रेमाबाईला ती दिसत होती, कळत नव्हती. “दुखतंय?” “न्हाय,” श्रीदेवी सवयीनं म्हणाली. मग तिनं प्रेमाबाईच्या तोंडाकडं बघितलं आणि ओशाळून म्हणाली, “दुखतंय.” प्रेमाबाईनं बांगडी लगेच मागं घेतली. “लई?” “लई न्हाय. दरसाल दुखतंय तेवढंच.” “दरसाल?” “व्हय की.” “मंग दरसाल तू न्हाय म्हणायचीस ते?” “तुमी इचारायच्याच अशा, मावशी,” श्रीदेवी हसून म्हणाली, “की न्हायच म्हणावं वाटायचं. समद्याच म्हणतात. बाहेर गेल्यावर हात चोळतात. माझी जाऊ तर घरी जाऊन गार पाण्यात हात बुडवून बसती.”

प्रेमाबाई बांगडी हातात धरून तशीच राहिली. दरसाल. तेव्हा तर अंगठा जिवंत होता, हाडाची कड न् कड त्याला कळत होती, काच केव्हा पिचेल ते कळत होतं. काचेचंच कळत होतं म्हणायचं. तुळजाबाईंचा आवाज आठवला, हात खोटं बोलत न्हाय, आणि तिला पहिल्यांदा वाटलं की तुळजाबाईंच्या गिऱ्हाइकांनीही घरी जाऊन गार पाण्यात हात बुडवले असतील. खरं तर तिला वाईट वाटायला हवं होतं. पुढं रात्रभर ते वाटणारच होतं, ती स्वतःला ओळखून होती. पण आत्ता, त्या नवरीच्या पाटाशी वाटलं होतं तसंच, आधी नवलच वाटलं. इतके हात धरले, आणि हे आपल्याला माहीतच नाही.

“कुठं दुखतं?” तिनं विचारलं. “बोट ठेवून दाखव.” तिला वाटलं श्रीदेवी अंगठ्याच्या बुडाच्या हाडावर बोट ठेवील, जिथं ती जन्मभर जपून जपून काच नेत आली होती. श्रीदेवीनं तिथं ठेवलं नाही. तिनं करंगळीच्या बाजूला, तळव्याच्या कडेवर बोट ठेवलं. तिथं बांगडी कधी अडत नाही. तिथं प्रेमाबाईच्या डाव्या हाताची बोटं रुतून बसलेली होती, आवळून धरणारी, धडधाकट बोटं, ज्यांना पीठ कळत होतं, गाल कळत होता, सगळं कळत होतं. “हितं,” श्रीदेवी म्हणाली. “बांगडीनं न्हाय दुखत, मावशी. तुमी धरता ना, त्यानं.” प्रेमाबाईनं डावा हात सोडला. श्रीदेवीच्या तळव्याच्या कडेवर तिच्या चार बोटांचे पांढरे ठसे उठले होते आणि तिच्या डोळ्यांदेखत ते हळूहळू लाल होत होते. ते पुरते जाईपर्यंत ती बघत राहिली. मग तिनं तो हात पुन्हा घेतला, नुसता तळहातावर ठेवून घेतला, आणि आपलं एकेक बोट जवळ आणत विचारलं, “आता? एवढं लागतंय का, सांग.”